वाटणीत न मोजलेला कागद

सोलापूरच्या एका जुन्या पेठेत रस्त्याकडेला लाकडाची वखार आणि मागच्या अंगाला ओंडके चिरायचा आरा, असा एका कुटुंबाचा तीन पिढ्यांचा पसारा आहे. दोन भावांची वाटणी झाली तेव्हा जागा, शेत, शिल्लक माल, यंत्रं, येणी, देणी, आईचे दागिनेसुद्धा मोजले गेले. मोजला गेला नाही तो आरा चालवायचा वन खात्याचा परवाना. त्याची फी इतकी किरकोळ होती की मध्यस्थाने त्याच्यापुढे आकडाच लिहिला नाही. पुढच्या वीसेक वर्षांत या घरात जे काही वाजलं ते बहुतेक त्याच कागदावरून. कुटुंबाचं नाव आणि पेठ इथे देत नाही. थोरल्यांना अण्णा आणि धाकट्यांना तात्या म्हणू. घरात आणि वखारीत सगळे तसंच म्हणतात.

पहिला प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतोच: सोलापुरात लाकडाचा धंदा कसा? जिल्हा अवर्षणप्रवण. इथलं खरं रान म्हणजे माळरान, आणि त्याची शान माळढोक पक्षी, ज्याच्यासाठी 1979 मध्ये नान्नजचं अभयारण्य झालं. इथलं आपलं म्हणावं असं लाकूड एकच, बाभूळ. पण मागणी भरपूर होती. 1860 मध्ये रेल्वे आली, 1870च्या दशकात जुनी मिल उभी राहिली, मागोमाग बाकीच्या गिरण्या. पूर्व भागात घरोघरी हातमाग. मागाची चौकट लाकडाची, धोटा लाकडाचा, कापड गुंडाळायचा रूळ लाकडाचा. खेड्यात बैलगाडी. आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे माळवदाचं घर. दगड-मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, तुळया, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत, आणि त्यावर हातभर जाड मातीचा थर. असलं घर खणांवर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेवर, मोजतात, आणि खण वाढला की लाकूड वाढलं.

अण्णा-तात्यांचे वडील, ज्यांना घरात आता आजोबा म्हणतात, मूळचे वखारवाले नव्हते. कारवार जिल्ह्यातल्या कुपांवर एका ठेकेदाराकडे ते मुकादम होते. कूप म्हणजे वन खात्याने त्या वर्षी तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. कुठलं झाड तोडायचं, त्याच्या बुंध्यावर कुठे हातोड्याचा शिक्का मारायचा, ओंडका किती लांबीवर कापला तर सरळ निघेल, हे त्यांनी तिथे पाहून पाहून शिकून घेतलं. दांडेली-हल्याळचा साग तेव्हा गदगवरून होटगीच्या मीटरगेजने सोलापूरला यायचा. मालाबरोबर दोन-चार फेऱ्या झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ठेकेदार जंगलात कमावतो त्याहून जास्त इथला वखारवाला बसल्या जागी कमावतो. मग त्यांनी पेठेत भाड्याने जागा धरली.

त्यांच्या जमेची एक गोष्ट सहज सुटून जाते. 1956 पर्यंत कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता. जंगलही मुंबईचं, बाजारही मुंबईचा, आणि दोन्हीकडे 1942ची मुंबई वन नियमावली. राज्य पुनर्रचनेत कारवार म्हैसूर राज्यात गेलं आणि तेच लाकूड एका रात्रीत परराज्यातलं झालं. वाहतूक परवाना एका राज्याचा, तपासणी नाका दुसऱ्याचा. अनेक छोट्या वखारवाल्यांनी तिथेच सागाचा नाद सोडून बाभूळ, कडुलिंब आणि जळाऊ लाकूड धरलं. आजोबांना मात्र दोन्हीकडचे कागद वाचता येत होते, कानडीही आणि मराठीही. माझ्या मते या घराण्याची खरी पहिली कमाई ती. जंगल ओळखणारे सोलापुरात आणखीही असतील. जंगल आणि कागद दोन्ही कळणारा माणूस दुर्मीळ होता.

लाकडाचा धंदा हा मापाचा धंदा आहे, म्हणून थोडं मापाबद्दल. गोल ओंडक्याचं माप चौथाई घेराने काढतात. मध्यावर दोरी गुंडाळायची, घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर 60 इंच आणि लांबी 10 फूट असेल तर चौथाई 15 इंच; 15 गुणिले 15 गुणिले 10, भागिले 144, म्हणजे साडेपंधरा घनफुटांच्या जरा वर. तोच ओंडका भूमितीने मोजला तर वीस घनफुटांच्या जवळ जातो. म्हणजे एकवीस-बावीस टक्के माल मापातच सुटतो. नवख्याला वाटतं घेणाऱ्याची चंगळ आहे. पण साल, बाहेरचं पांढरं लाकूड, आऱ्याच्या पात्याने खाल्लेला भुसा आणि वाकडेपणा जाऊन चौकोनी माल निघतो तो निम्म्याच्या थोडा वर. ही सूट म्हणजे त्या नुकसानीची आगाऊ भरपाई. लिलावात खरेदी घनमीटरने आणि वखारीत विक्री घनफुटाने. एका घनमीटरचे 35.3 घनफूट. आजोबा हे तोंडी करत. ओंडक्याच्या तोंडाशी बसून, बोट फिरवून, चीर कुठवर गेली आहे त्याचा अंदाज घेत आणि मगच बोली लावत. अण्णांनी त्यांच्याकडून हे उचललं. तात्यांनी उचलली गिऱ्हाइकी.

इथूनच दोन भावांचे रस्ते वेगळे झाले, आणि वाटणी समजून घ्यायची तर हे ध्यानात ठेवायला हवं. अण्णा मागे आऱ्यावर. पट्ट्यासारख्या पात्याचा उभा बँडसॉ, एक गोल आरा, ट्रॉली, पात्यांना धार लावायचं यंत्र. तात्या पुढे गल्ल्यावर. सुतार, मिस्त्री, घर बांधणारे, यंत्रमागवाले, सगळे तात्यांना ओळखत. उधारीची वही तात्यांकडे. सुताराला लाकूड आज द्यायचं, पैसे घरमालक चौकट बसवल्यावर देणार, तेही दिवाळीनंतर. कुणाची उधारी किती लांबवायची आणि कुणाची वेळेत थांबवायची, यात तात्यांचा हात कुणी धरत नसे. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, साठच्या दशकात जुनी मिल, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू, आणि त्या काळात कामगारवस्तीतल्या येण्यांवर पेठेतल्या कितीतरी दुकानदारांनी पाणी सोडलं. या वखारीचं फारसं बुडालं नाही.

मग 30 सप्टेंबर 1993. किल्लारीचा भूकंप लातूर-उस्मानाबादचा, पण त्याने सोलापूरच्या लाकूड बाजाराचं तोंडच फिरवलं. माळवदाच्या घरातल्या दगडी भिंती कोसळल्या, वरची माती अंगावर आली. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता आणि माणसं भिंतींखाली गेली होती. पण लोकांच्या मनात बसलं ते एवढंच की माळवद मारतं. दोन-चार वर्षांत आसपासच्या तालुक्यांतली धडधाकट घरंसुद्धा उतरवून लोक सिमेंटकडे गेले. नव्या कडीपाटाची मागणी संपल्यात जमा झाली. उलट उतरवलेलं जुनं लाकूड बाजारात आलं. पन्नास-साठ वर्षं वाळलेला साग, ज्याला आता ना वाकायचं ना आकसायचं. तात्यांनी ते लाकूड खेडोपाडी जाऊन उचललं, अण्णांनी खिळे काढून, खिळ्यांपायी पाती मोडून घेत, ते चिरून दरवाजे-खिडक्यांच्या चौकटींचं केलं. वहीत पाहिलं तर या कुटुंबाची सर्वात बरी वर्षं तीच दिसतात. दुसऱ्याच्या पडलेल्या घरावर आपलं घर उभं राहिलं, ही बोच अण्णांना होती. ते त्याबद्दल बोलायला तयार नसत.

जुन्या लाकडाचा आग्रह निव्वळ हौस नव्हती. ओल्या लाकडातलं पाणी साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरलं की लाकूड आकसू लागतं, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने ते वलयांना आडव्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसतं. म्हणून फळीला पीळ पडतो. किनारपट्टीच्या दमट हवेत ठीक बसलेला माल सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, चाळीसच्या वर पारा आणि कोरडा वारा, यात चिरतो. पुढे मलेशियाचं लाकूड स्वस्त म्हणून आलं तेव्हा वखारीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने नवा माल हातात तोलून परत ठेवला होता. ‘तात्या, ह्ये अजून जितं हाय. दोन म्हयनं सावलीत थप्पी लावून ठिवा, मदी पट्ट्या घाला, मग माझ्याशी बोला.’ तात्यांनी ऐकलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याकडून गेलेले दरवाजे पुढच्या उन्हाळ्यात परत आले.

या भरभराटीतच वाटणी झाली. आजोबा हयात होते, त्यांनीच सांगितलं, ‘मी असताना करा, मागाहून नको.’ नात्यातले एक गृहस्थ मध्यस्थ. आरा, यंत्रं आणि मागची जागा अण्णांना. वखार, रस्त्यालगतची जागा, शिल्लक माल आणि येणी तात्यांना. किंमत करून पाहिली तर तराजू जवळजवळ समतोल. तात्यांनी बोलून दाखवलं होतं की जमलं की एमआयडीसीत स्वतःचा छोटा आरा टाकीन. कुणी हरकत घेतली नाही. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो तसाच राहिला. नूतनीकरण अण्णा करतील, बस.

मध्यस्थाला दोष देणं सोपं आहे. पण ज्या कागदाची फी किरकोळ, ज्यासाठी कुणी रांगेत नाही, त्याची किंमत कोण लावणार? तरी एक खूण तेव्हाही होती. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांच्या याचिकेत, 1995ची 202 क्रमांकाची याचिका, जंगल कशाला म्हणायचं याची व्याप्ती वाढवली आणि ईशान्येतून बाहेर जाणारं लाकूड रोखलं. याचिका मुळात तामिळनाडूतल्या गुडलूरच्या जंगलतोडीबद्दलची. देशभरच्या आऱ्यांचं नशीब त्यातून ठरेल असं दाखल करणाऱ्यालाही वाटलं नसावं. सोलापुरात ती बातमी आसामच्या ट्रकांची बातमी म्हणून वाचली गेली.

ऑक्टोबर 2002 मध्ये त्याच प्रकरणात पुढचा आदेश आला. विनापरवाना आरे ताबडतोब बंद, आणि न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय कुठल्याही राज्याने नवा आरा, प्लायवूड वा व्हिनियरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचा) कारखाना उघडू द्यायचा नाही. तात्यांचा एमआयडीसीतला आरा तिथेच संपला. आणि अण्णांकडचा तो बिनकिमतीचा कागद सोन्याचा झाला, कारण आता तो नवा मिळणार नव्हता.

तात्यांना लाकूड चिरायला अण्णांच्या दारात जाणं आलं. चिराईचा दर अण्णांनी वाढवला. त्यांच्या बाजूनेही पाहायला हवं: विजेचं बिल, पात्यांचा खर्च, दोन आरेवाले पगारावर, आणि भावाचं काम म्हणून बाहेरचं काम मागे ठेवायचं. पण तात्यांना दिसायचं ते वेगळं. वाटणीत दोन सारखे हिस्से झाले होते, आता एकाचा हिस्सा दुसऱ्याच्या मर्जीवर चालत होता. गिऱ्हाईक तात्यांकडे आणि आरा अण्णांकडे. माझ्या मते वाटणीची मूळ चूक परवान्यात नाहीच, इथे आहे. समोरची बाजू आणि मागची बाजू वेगवेगळ्या मालकांना देऊन त्यांनी धंद्याचे दोन भाग केले नव्हते, एका धंद्याला मधोमध चिरलं होतं. परवाना मिळत होता तोवर ते कळलं नाही, एवढंच.

भाऊ पाच-सहा वर्षं एकमेकांशी कामापुरतं बोलत. मग आजोबा गेले.

परवाना अजून त्यांच्या नावावर. नूतनीकरणाला अर्ज गेला तर खात्याने वारसांचा ठराव आणि सगळ्यांची ना हरकत मागितली, आणि ते होईतो आरा बंद ठेवायला सांगितलं. बाकी मालमत्ता आजोबांनी हयातीतच मुलांना देऊन टाकली होती. नावावर उरला होता हा एकच कागद, आणि त्याला वारस दोन मुलगे आणि दोन मुली. स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाएवढा, हे 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनचं आहे. 2005ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीची. पण घरात कुणालाही तोवर त्याची आठवण काढायची गरज पडली नव्हती. अण्णा दोघी बहिणींकडे हक्कसोडपत्र घेऊन गेले. धाकटीने सही केली. मोठ्या आक्का लातूरला असतात, सासरी हार्डवेअरचं दुकान, हिशेबाला पक्क्या. त्यांनी कागद वाचला आणि परत दिला. ‘वाटणी झाली तेव्हा मला चहाला बोलावलं होतं, बसायला नाही. आता भाऊबिजेच्या साडीवर सही मागू नकोस.’

त्या हंगामात आरा जवळपास सगळा वेळ बंद होता. बाहेर लग्नसराई, बांधकामं जोरात, आणि सागाचे ओंडके अंगणात पडून. अण्णांचे दोन्ही आरेवाले पुण्याकडे निघून गेले. त्यातला एक परत आला.

आक्कांनी हिस्सा मागितला नाही, लेखी मागितलं. त्यांची मागणी ऐकली तेव्हा मला ती वकिलाने सुचवल्यासारखी वाटली, पण ती त्यांचीच होती. परवाना अण्णांच्या नावावर करा, पण तो सगळ्यांच्या वतीने आहे असं लिहा. तात्यांच्या मालाची चिराई बाजारातल्या चालू दराने, आठवड्यातले दोन दिवस त्यांच्यासाठी राखून. परवाना पुढे कुणाला द्यायचा, आरा हलवायचा की बंद करायचा, हे चौघांच्या सहीशिवाय नाही. आणि दोन्ही बहिणींना दर वर्षी ठरलेली रक्कम, दिवाळीची ओवाळणी म्हणून नव्हे, खात्यावर. तात्या लगेच तयार झाले. अण्णा दोन महिने अडून बसले. शेवटी त्यांच्या मुलानेच त्यांच्यासमोर हिशेब मांडला, की बंद आऱ्याने या हंगामात जितकं बुडवलं त्यात बहिणींची दहा वर्षांची रक्कम निघाली असती. कौटुंबिक समझोत्याचा दस्त झाला. ना हरकती गेल्या, आरा पुन्हा चालू झाला.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण भांडण मिटेस्तोवर कागदाची किंमत पुन्हा घसरली. गुजरातच्या कांडला बंदराजवळच्या गांधीधामहून आता ओंडक्याऐवजी मापात चिरलेला मालच ट्रकने येऊ लागला. घानाचा साग, मलेशियाचं लाकूड, न्यूझीलंडचा पाइन. एप्रिल 2014 मध्ये म्यानमारने गोल लाकडाची निर्यात बंद केली आणि बर्मा सागाचे ओंडके दिसेनासे झाले. घरबांधणीत तयार सपाट फ्लश डोअर, यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकच्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, लाकडावर 18 टक्के. कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारे मिस्त्री बिल म्हटलं की काढता पाय घेत. नोव्हेंबर 2016 मध्ये लाकूड-आधारित उद्योगांची केंद्राची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि उपलब्ध लाकूड पाहून राज्यस्तरीय समिती नवे परवाने देऊ शकेल असं ठरलं. ज्या कागदावरून भाऊ बोलेनासे झाले तो आता तत्त्वतः पुन्हा मिळण्यासारखा झाला. प्रत्यक्षात मिळणं वेळखाऊ, पण दबदबा गेला तो गेलाच.

आज आऱ्याचं पोट भरतं ते पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी पट्ट्यांच्या चौकटींवर. ही अण्णांच्या मुलाची कल्पना. चिंचोळी एमआयडीसीतून यंत्रांचे सुटे भाग परदेशी जातात, शहरातून टॉवेल जातात, आणि निर्यातीच्या मालाखालचं लाकूड कीड मारून द्यावं लागतं. आंतरराष्ट्रीय नियम सरळ आहे: लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं, आणि मग देशाची खूण व उष्णता-प्रक्रियेचा शिक्का. त्यासाठी मान्यता असलेलं तापघर लागतं. ते स्वतःचं उभारायचं की दुसऱ्याकडून शिक्का मारून आणायचा, यावर वर्षभर घासाघीस झाली. सध्या दुसऱ्याकडून. पाइनची पट्टी कापणं हे सागाच्या चौकटीसारखं डोळ्याचं काम नाही, त्यात मोजदाद आणि वेळ पाळणं एवढंच. अण्णा त्याला ‘खोकी ठोकणं’ म्हणतात. महिन्याच्या अखेरीला पैसे वेळेवर येतात ते मात्र त्या खोक्यांचेच, कारण कंपनी उधारी मागते ती 60 दिवसांची, मिस्त्रीसारखी दिवाळीनंतरची नाही.

तात्यांच्या मुलीने उलट दिशा धरली. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन ती शेतकऱ्यांच्या बांधावर मलबार नीम हे लवकर वाढणारं इमारती झाड आणि बांबू लावून घेते. तिचा युक्तिवाद असा की आजोबांच्या वेळचं जंगल आता शेतात आहे. 2017च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून निघाला, तोडीला आणि वाहतुकीला तो मोकळा झाला. साग, चंदन, आंबा, चिंच ही 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, लावतानाच शेतकऱ्याने तोडीच्या परवानगीचा विचार करायला हवा. बांधावरची बाभूळ त्यात नाही. आणि महापालिकेच्या हद्दीत शिरलात की 1975चा शहरी झाडांचा कायदा लागू, मग कुठलंही झाड असो. शेतकऱ्याला ती हे सगळं रोप देण्याआधी सांगते. चंदनाच्या जाहिराती पाहून आलेल्यांना तर आधी चोरीबद्दल विचारते: रात्री राखण कोण करणार? बरेच जण तिथेच परततात. मलबार नीमची पहिली लागवड अजून कापणीला आलेली नाही. माळरानावर मात्र ती झाड लावत नाही. गवताळ माळ हा रिकामा माळ नव्हे, हे ती आजोळी जाताना नान्नजच्या रस्त्यावर सगळ्यांना ऐकवते.

सध्याचा वाद आरा पेठेबाहेर हलवण्याचा आहे. दाट वस्ती, भुसा, आवाज, आणि जागेला बिल्डरचा भाव. अण्णांचा मुलगा म्हणतो चिंचोळीजवळ जाऊ, पॅलेट तिथेच खपतात. तात्या म्हणतात आरा गेला की पेठेतला मिस्त्री येणार नाही. समझोत्याप्रमाणे स्थलांतराच्या अर्जावर चार सह्या लागतात. तीन झाल्या आहेत. आक्कांनी नव्या जागेचा उतारा आणि तात्यांसाठी राखलेल्या दोन दिवसांची नवी ओळ मागितली आहे, आणि ती आल्याशिवाय त्या सही करणार नाहीत.